महालक्ष्मींचे नेसण

वर्षातील तीन दिवस सोडले, तर त्या घरातील महालक्ष्मींना देह नसे. पितळेचे दोन मुखवटे जुन्या धोतराच्या मऊ फडक्यात गुंडाळून फडताळात ठेवलेले असत. हात, म्हणजे कापूस भरलेल्या चार कापडी नळ्या, एका पिशवीत पडून असत. आणि धडे, म्हणजे सागाच्या दोन कोठ्या, मागच्या पडवीच्या कोपऱ्यात उभी असत. एरवी त्यांच्यावर कोणी रिकामी टोपली ठेवी, कोणी ओला पंचा वाळत घाली. त्याचे कोणाला काही वाटत नसे. भाद्रपदात अनुराधा नक्षत्राचा दिवस उजाडला, की मात्र त्याच कोठ्या धुऊनपुसून पाटावर उभ्या राहत, आणि घरातील लहानमोठी सारी माणसे त्यांच्याजवळ हलक्या आवाजात बोलू लागत.

हे घर भंडारा शहरातले, वैनगंगेच्या बाजूच्या सखल वस्तीतले. भंडारा पितळी भांड्यांसाठी नावाजलेले गाव; तेव्हा मुखवटे सुबक असावेत यात नवल नव्हते. पण वस्तीत त्या घराची ख्याती होती ती मुखवट्यांमुळे नव्हे, तर नेसणामुळे. आजी महालक्ष्मींना लुगडी नेसवी, ते पाहण्यासाठी शेजारणी दुपारपासूनच येऊन बसत.

लुगडी दोन्ही कोशाची, करवतकाठी. आजीचे माहेर मोहाडी तालुक्यातील आंधळगावचे, आणि तेथे तिच्या वडिलांचा माग होता. लग्नानंतरच्या पहिल्या महालक्ष्मींना त्यांनी ही जोडी विणून पाठविली होती. कोशाचा किडा तुतीच्या रेशमाच्या किड्यासारखा घरात, टोपलीत वाढत नाही. तो रानात ऐनाच्या आणि अर्जुनाच्या झाडांवर पाला खाऊन राहतो, आणि त्याच्या धाग्याला जात्याच मधासारखा रंग असतो. करवतकाठीत अंग विणणारा धोटा वेगळा आणि दोन्ही काठांचे दोन धोटे वेगळे. असे तीन धोटे चालतात. काठाचा आडवा धागा अंगाच्या धाग्याशी जेथे गुंततो, तेथे करवतीच्या दात्यांसारखी नक्षी उमटते. एवढ्या खटपटीने निघालेले कापड अंगावर नुसते लोळत नाही, ते थोडे ताठ उभे राहते. आजी म्हणे, “कोशाला आपलं मत असते.”

तिचे नेसविणे पाहण्यासारखे असे. आधी ती कोठीच्या कमरेला सुती दोरी आवळून बांधी. माणसाच्या अंगाला उंचवटे असतात, खळगे असतात, त्यावर कापड अडून राहते. गुळगुळीत लाकडाला त्यांतले काहीच नसते. दोरी बांधल्यावर जुन्या पातळाची घडी गुंडाळून ती नितंबांचा भराव करी. मग कोठीला पोलके घाली, हात जोडी, आणि त्यानंतर लुगड्याला हात लावी. नऊ वार म्हणजे जवळजवळ सव्वाआठ मीटर कापड. कोठीला पाय नसल्यामुळे कासोटा घालता येत नाही, तेव्हा इतके सारे कापड गोल वेढ्यात आणि निऱ्यांत सामावून घ्यावे लागे. अकरा निऱ्या, एकीसारखी दुसरी, आणि टाचण्या इतक्या थोड्या की शोधूनही सापडू नयेत. पदर खांद्यावरून घेतला, दागिने घातले, की सर्वांत शेवटी मुखवटा बसे. त्या क्षणी शेजारणी एकदम गप्प होत.

सन २०२० मध्ये २७ ऑगस्टला महालक्ष्मींचे विसर्जन झाले. आरती झाली, मुखवटे उतरवले, लुगडी ट्रंकेत गेली, कोठ्या पडवीत गेल्या. त्यानंतर दोनच दिवसांनी वैनगंगेला महापूर आला. वरच्या अंगाला, मध्य प्रदेशात, पाऊस फार झाला होता. तेथील संजय सरोवराचे पाणी नदीत सोडावे लागले, आणि २९ व ३० ऑगस्टला भंडाऱ्याच्या सखल वस्त्यांत पाणी चढले. करोनाच्या साथीचे ते दिवस. आधीच माणसे धास्तावलेली. त्या घरातील मंडळी शेजारच्या उंच घराच्या गच्चीवर गेली. आजीने मुखवटे पदरात घेतले होते, आणि थोरल्या मुलाने ट्रंक डोक्यावर घेतली होती. ट्रंकेचा एक कोपरा पाण्यात बुडाला. कोठ्यांची आठवण कोणाला झाली नाही.

पाणी ओसरल्यावर पडवीत गुडघाभर गाळ होता. एक कोठी त्यात आडवी पडली होती. तिच्या फळ्या फुगून एकमेकींपासून सुटल्या होत्या. दुसरी सापडलीच नाही. ट्रंक उघडली, तेव्हा एका लुगड्याच्या खालच्या काठाला वीतभर तपकिरी डाग पडलेला दिसला. आजीने तो दोनदा धुतला, तो गेला नाही. तिने लुगडे सावलीत वाळविले, घडी केली आणि त्याविषयी अवाक्षर काढले नाही.

पुढच्या वर्षी नवी धडे करायची ठरली. सागवान महाग झाले होते, म्हणून लोखंडी सळ्यांची करावी, असे ठरून लोहाराकडे माप देण्याची वेळ आली. पण जुन्या कोठ्यांचे माप कोणी कधी लिहून ठेवले होते? आजी म्हणाली, “उभी केली की ती माझ्या खांद्याला लागे.” थोरल्या मुलाने टेप घेतला, आजीच्या खांद्यापर्यंतची उंची मोजली आणि कागदावर लिहून दिली. रुंदीचे काय, असे लोहाराने विचारले. तेव्हा, सर्वांची करता तशीच करा, असे त्याला सांगण्यात आले.

धडे घरी आली आणि चूक उघडी पडली. ती ध्यानात आली घरातील बारा वर्षांच्या नातवाच्या. मागच्या भिंतीत, फुलांची माळ बांधण्यासाठी, दोन खिळे पिढ्यान्‌पिढ्या ठोकलेले होते. मुखवट्याचा मुकुट बरोबर त्यांच्या रेषेत येई. नवे धड त्या भिंतीपुढे उभे करून मुखवटा बसविला, तर मुकुट खिळ्यांच्या चार बोटे खाली राहिला. सारे बुचकळ्यात पडले. आजी मात्र लगेच समजली आणि हसली. ती नवी सून म्हणून आली, तेव्हा महालक्ष्मी तिच्या खांद्याला लागत होत्या. पण तेव्हा ती ताठ होती. त्यानंतर पन्नासांहून अधिक वर्षे गेली होती, पाठीला बाक आला होता, आणि मुलाने माप घेतले होते ते आजच्या खांद्याचे.

उंचीला कमी असलेली ही धडे खांद्यांत मात्र जुन्यांपेक्षा रुंद होती. पोलके खांद्यांवरून उतरेना. आणि याहून मोठी अडचण अशी, की आजीच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, हातांना कंप सुटला होता. “यंदा दुसऱ्या कोणी नेसवावं,” असे तिने स्वतःच सांगून टाकले. दोन्ही सुनांनी आजवर टाचण्या हाती देण्याचे काम केले होते. नेसविले कधीच नव्हते. धाकटी म्हणाली, बाजारात महालक्ष्मींसाठी शिवून तयार केलेल्या साड्या मिळतात, निऱ्यांसकट. वरून अडकवायची आणि मागे नाडी बांधायची, झाले. तिचे म्हणणे चुकीचे नव्हते. आजी ऐकून घेत होती. तिने फक्त ट्रंकेकडे एकदा पाहिले.

थोरली नात तेव्हा घरीच होती. ती पुण्याच्या एका कंपनीत काम करी, आणि साथीमुळे कंपनीचे काम घरून चाले. तिचे काम काय, हे घरात कोणालाच नीट ठाऊक नव्हते. “संगणकावर बाहुल्यांना कपडे घालते,” असे धाकटा भाऊ सांगे, आणि गंमत अशी की ते जवळजवळ खरेच होते.

संगणकावरच्या खेळांत वावरणारी माणसे त्रिमितीय असतात. म्हणजे त्यांना पुढून, मागून, वरून, कसेही फिरवून पाहता येते. त्यांचे शरीर हजारो ठिपक्यांचे असते, आणि ते ठिपके रेषांनी जोडून मासे धरण्याच्या जाळ्यासारखी एक जाळी केलेली असते. आत हाडांचा सांगाडा असतो. हाड हलले, की त्याला नेमून दिलेले ठिपके त्याच्यामागून जातात. कपडा ही त्या जाळीवर बसविलेली दुसरी जाळी. येथवर सारे सोपे. परंतु पुष्कळ खेळांत खेळणाऱ्याला आपले पात्र मनाजोगे घडविता येते: कोणी उंची वाढवितो, कोणी पोट सुटलेले ठेवतो, कोणी खांदे पैलवानासारखे करतो. कपडा मात्र एकाच मापाच्या देहासाठी शिवलेला असतो. मग पोट सदऱ्यातून बाहेर येते, गुडघा विजारीतून डोकावतो. ही बाहेर आलेली अंगे झाकणे, कपडा नव्या देहाला बसविणे, हेच त्या नातीचे काम.

याची एक युक्ती आहे. कपड्याच्या प्रत्येक ठिपक्याला, देहाचा सर्वांत जवळचा ठिपका कोणता, ते लक्षात ठेवायला सांगायचे. देहाचा ठिपका जिकडे सरकेल, तिकडे कपड्याच्या ठिपक्याने सरकायचे. युक्ती चांगली, पण ती काखेत फसते. बाहीच्या आतल्या ठिपक्याला दंडापेक्षा बरगडी जवळची वाटते. पात्राने हात वर केला की बाही बरगडीलाच चिकटून राहते आणि ताणल्या रबरासारखी दिसते. घागऱ्याचे त्याहून वाईट होते. मधले ठिपके काही डाव्या पायाचे होतात, काही उजव्या. पात्र चालू लागले की घागरा मधोमध फाटतो. अशा जागी शेवटी माणसालाच बसून एकेक ठिपका समजावून सांगावा लागतो.

दुसरी रीत अधिक कष्टाची. तीत कापडाचे ठिपके लहान लहान स्प्रिंगांनी जोडले आहेत असे मानतात. त्यांना वजन देतात, ताण देतात, आणि क्षणाचे अनेक बारीक तुकडे करून प्रत्येक तुकड्यात कापड किती घसरेल, कोठे वाकेल, अंगाला कोठे टेकेल, याचे गणित संगणकाकडून करवून घेतात. सन १९८७ मध्ये टर्झोपोलस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाकणाऱ्या-ताणणाऱ्या वस्तूंचे असे गणित मांडले. सन १९९७ मध्ये अमेरिकेतील पिक्सार या संस्थेने बुद्धिबळ एकट्यानेच खेळणाऱ्या एका म्हाताऱ्याचा लघुपट काढला. त्याच्या अंगातला कोट असल्याच गणिताने हलविला होता. पुढच्याच वर्षी बॅरफ आणि विटकिन या दोघांनी हे गणित पुष्कळ वेगाने करण्याची रीत दाखविली. यंत्राने कापडाची चाल शिकावी म्हणून मोठमोठ्या गणित्यांनी असे कष्ट घेतले आहेत.

नातीच्या मनात आले ते हे: लुगडी पन्नासांहून अधिक वर्षांची, घडीवर रेशीम आता तडकू लागलेले. नेसविण्याचा सराव त्यांवर दहा वेळा केला, तर टाचण्यांनीच त्यांची चाळण होईल. मग सराव संगणकात का करू नये? तेथे कापड कितीही वेळा चुरगळले तरी फाटत नाही. तिने नव्या धडांची मापे घेतली, पडद्यावर तसेच धड उभे केले, आणि त्याच्याभोवती नऊ वारांचे लुगडे गुंडाळून गणित सुरू केले.

लुगडे सरळ घसरत खाली आले आणि पाटावर त्याचा ढीग झाला.

आजीला दाखविले, तेव्हा ती डोळे किलकिले करून पडद्याशी गेली. “दोरी कुठं आहे?” तिने विचारले.

“कोणती दोरी, आजी?”

“कमरेची. आधी कंबर, मग लुगडं. तुझ्या बाहुल्यांना कोणी शिकवलं नाही का, माय?”

शिकविले नव्हते, हे खरेच. पडद्यावरचे बहुतेक कपडे बेतून, तुकडे करून, कडा एकमेकींना जोडून शिवलेले असतात. ते शिवणीवर तोलून राहतात. लुगड्याला शिवण नाही. ते तोलले जाते नुसत्या आवळण्यावर, खोचण्यावर आणि कापडाच्या कापडाशी होणाऱ्या घर्षणावर. शिंप्याला कठीण वाटणारा कोट संगणकाला त्या मानाने सोपा जातो, आणि कोणतीही बाई अर्धझोपेतही नेसेल ते लुगडे त्याला जड जाते. नातीने दोरी बांधली, तिच्याशी कापडाचे ठिपके खिळविले, घर्षण वाढविले. लुगडे टिकले. पण आजीचे समाधान झाले नाही. “हे तर पावसात भिजलेलं लुगडं,” ती म्हणाली. “कोसा असा लोळत नाही.”

तेव्हा कोशाचा ताठपणा मोजावा कसा, हा प्रश्न आला. इंग्लंडमध्ये पियर्स नावाच्या संशोधकाने १९३० साली यावर एक साधा उपाय सांगितला होता. कापडाची पट्टी टेबलाच्या कडेवरून हळूहळू पुढे सरकवायची. मऊ कापड लगेच खाली मान टाकते, ताठ कापड बरेच पुढे गेल्यावर वाकते. ठरलेल्या कोनापर्यंत वाकायला किती लांबी बाहेर जावी लागली, यावरून ताठपणा कळतो. लुगड्याची पट्टी कापण्याचा प्रश्नच नव्हता. धाकट्या भावाने पदराचे टोक पाटाच्या कडेवरून सरकविले, वर फूटपट्टी धरली आणि श्वास रोखून आकडे वाचले. मग त्याने त्याच पाटावर सुती धोतर घेतले, आईची मिलची साडी घेतली, आणि अंगात आल्यासारखा घरातील टॉवेल, पडदे, रुमाल, सारे मोजत सुटला. कोसा सर्वांत पुढे गेला. काठाच्या बाजूला तर अधिकच. ते आकडे संगणकात गेले, आणि पहाटे गणित संपले तेव्हा पडद्यावरच्या लुगड्याला प्रथमच आपले मत असल्यासारखे दिसले.

आता चार बोटांचा हिशेब. धड ठेंगणे, म्हणून लुगडे पायाशी लोळत होते. दोरी वर बांधली तर कंबर छातीला भिडल्यासारखी दिसे. सारे जादा कापड दोरीत खोचले तर कोसा फुगून पोटाशी गाठोडे होई. बरेच प्रयोग झाले. दोरी एक बोट वर आणि कापड तीन बोटे आत, हे जुळले. पण मग अकरा निऱ्या दाटीने उभ्या राहीनात. नऊ घेतल्या, थोड्या रुंद, तर त्या सरळ पडल्या. एवढ्यात धाकट्याला एक कल्पना सुचली. त्याने ट्रंकेतल्या लुगड्याचा डाग कोठे आहे ते मोजून आणले आणि पडद्यावरच्या लुगड्याला त्याच जागी तो रंगविला. अकरा निऱ्यांत डाग ऐन पुढे येत होता. नऊ निऱ्यांत तो तिसऱ्या निरीच्या पोटात गेला.

पोलक्याचे काम साधे होते, आणि ते कोणत्याही गणितावाचून झाले. थोरल्या सुनेने दोन्ही बाजू उसवून काखेखाली जुन्या खणाच्या कळ्या घातल्या. शिवलेले कापड नव्या देहाला असे फाडून-जोडूनच बसते. लुगड्याला फक्त वेगळे धरावे लागते.

१२ सप्टेंबर २०२१ रोजी, आवाहनाच्या दुपारी, शेजारणी नेहमीप्रमाणे आल्या. आजी स्टुलावर बसली होती. नात धडापुढे गुडघे टेकून. आत सुना आंबील आणि पुरणाच्या तयारीत होत्या, तरी दोघींपैकी एक ना एक दारात येऊन उभी राहीच. पडद्यावर जे शंभरदा केले होते, ते हातांनी करताना नातीला घाम फुटला. संगणकातल्या कापडाला वास नव्हता, आणि नखाला अडकणारी सुटी तार नव्हती. पहिली निरी तीनदा सुटली. चौथ्या वेळी ती धरली गेली, आणि त्यानंतरच्या तिच्यामागून आल्या.

ज्येष्ठा उभी राहिली. कनिष्ठेच्या मात्र निऱ्या काही केल्या सरळ पडेनात. माप तेच, कापड तेच, निऱ्या नऊच. नात पुन्हा पुन्हा सोडी आणि पुन्हा धरी. धाकट्याने पळत जाऊन संगणक आणला, पण पडद्यावरची कनिष्ठा तर बिनचूक होती. आजी स्टुलावरून उठली. तिने लुगड्याला हात लावलाच नाही. तिचे कापरे तळवे धडाच्या दोन्ही खांद्यांवर काही वेळ टेकले.

“ही डाव्या अंगाला कलली आहे,” ती म्हणाली.

लोहाराच्या हातून एक पाय किंचित आखूड झाला होता. नातीने दोन्ही धडे सारखी धरली होती आणि मापे एकाचीच घेतली होती. धाकट्याने वर्तमानपत्राची घडी करून त्या पायाखाली सरकविली. निऱ्या आपोआप खाली आल्या.

मग आजीने खाली बसून निऱ्यांवरून बोटे फिरविली. पाहण्यापेक्षा ती आता बोटांनीच अधिक वाचीत असे. एक, दोन, आणि तिसरीच्या पोटात तिचे बोट क्षणभर थांबले. “इथं आहे काय तो?” तिने विचारले. नातीने मान हलविली, आणि मग आजीला ते दिसले नसावे असे वाटून, “हो,” म्हणाली.

“असू दे तिथं.”

मुखवटे बसले. मुकुट खिळ्यांच्या चार बोटे खालीच राहिले, म्हणून थोरल्या मुलाने खाली दोन नवे खिळे ठोकले आणि माळ तेथे बांधली.

विसर्जनानंतर लुगडी ट्रंकेत ठेवायची वेळ आली, तेव्हा धाकट्याने झाकणाच्या आतल्या बाजूला खडूने मापे लिहायला घेतली: उंची, खांदे, निऱ्या नऊ. खडू पुसला जाईल, म्हणून बहिणीने त्याला रंगाची बाटली आणि काडी दिली. आजी जवळच बसून ऐकत होती.

“दोरी लिहिली का?” तिने विचारले.

त्याने सर्वांत वर, थोडी जागा शिल्लक होती तेथे, दोरी लिहिली.